मामांचं व्हायोलिन

टण्ण! भर सोलोत त्याच्या व्हायोलिनची सगळ्यांत बारीक तार तुटली, आणि तिच्याकडे न बघताच त्याने ते तिच्यापुढे धरलं.

वाद्यवृंदाचा नियम साधा आहे. पहिल्या खुर्चीवरच्याची तार तुटली की शेजारच्याने आपलं व्हायोलिन मुकाट्याने त्याला द्यायचं आणि तुटकं आपण घ्यायचं. नियम करणाऱ्याला काय ठाऊक, की शेजारी आठ वर्षांपूर्वी घटस्फोट घेतलेली बायको बसलेली असेल! कोर्टाने घरं वेगळी करून दिली, पण स्वरलिपीचं स्टँड दोघांत एकच राहिलं. तो वाजवायचा, पानं उलटायची ती.

"दे," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मर मेल्या," ती तितक्याच हळू म्हणाली, आणि दिलं. समोर पाचशे माणसं बसलेली. न देऊन सांगते कुणाला!

पण मनातून तिला गुदगुल्या होत होत्या. वाजव म्हणावं आता! कारण तिच्या मांडीवर आलं ते मामांचं व्हायोलिन होतं. तिच्या सख्ख्या मामांचं. मामांनी दोघांनाही शिकवलं, आणि शेवटच्या आजारपणात वाद्य दिलं ते भाचीला नव्हे, भाचेजावयाला. लग्न मोडलं तरी हा गृहस्थ ते सोडायला तयार नाही. "मामांनी मला दिलंय," एवढंच पालुपद. तिच्या वाट्याला आलं हे डबडं. कितीही घासा, सर्दी झाल्यासारखं नाकात बोलणार. त्याला पहिली खुर्ची मिळाली ती मामांच्या वाद्यामुळे, आणि आपण पानं उलटत राहिलो ते या डबड्यामुळे, हे तिने बहिणीला सांगितलं होतं, वकिलाला सांगितलं होतं, घरमालकिणीने विचारलं नव्हतं तरी तिलाही सांगितलं होतं. आज वकिलाची नोटीस तिच्या पर्समध्ये होती. मध्यंतरात ती त्याच्या हातात ठेवायची आणि मामांचं वाद्य परत मागायचं, असं तिचं पक्कं ठरलं होतं.

त्याने डबडं हनुवटीखाली घेतलं आणि गज टेकवला.

डबडं गायला लागलं.

नाकातला आवाज कुठे गेला कोण जाणे. एकेक सूर भरलेला, मऊ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. आधी तिला वाटलं, भास होतोय. मग असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. मेलं डबडं! आठ वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, पण तिच्या हातात असं एकदाही वाजलं नव्हतं.

हात मात्र सवयीने चालत होते. तिने पाकिटातून नवी तार काढली, खुंटीत ओवली, पिळली, कानाशी धरून हळूच छेडत सुरात आणली. तेवढ्यात त्याचा सोलो संपला आणि सगळी व्हायोलिनं एकदम सुरू झाली. तिनेही मामांचं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. आता दाखवतेच!

कानाशी तोच नाकातला आवाज.

तिने गज दाबून बघितला, मग सैल सोडला, मग तारेवर जरा वर घेतला. पुन्हा तोच. आठ वर्षांची ओळख, चुकणार कशी? त्याने वाद्य परत मागितलं नाही. तिने वेळेवर पान उलटलं.

मध्यंतर झालं. विंगेत खुर्च्या मांडणारे म्हातारे काका उभे होते. मामांच्या वेळेपासून ते इथेच कामाला होते.

"काय बहार आणली आज मामांच्या व्हायोलिनने!" ते त्याला म्हणाले.

"मामांचं नाही काका," तो हातातलं व्हायोलिन उंचावून म्हणाला. "हे हिचं. हेच ते डबडं."

काकांनी डबड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिच्या कानांतून वाफा निघाल्या. या घडीला शहाणी बाई गप्प बसली असती. पण आता गप्प बसायचं म्हणजे त्याच्यासमोर हरायचं, आणि ते तर तिने लग्नातही कधी केलं नव्हतं. तिने पर्स उघडली, नोटीस काढली आणि त्याच्या छातीवर आपटली.

"वाच. माझ्या मामांचं व्हायोलिन मला परत पाहिजे."

त्याने सावकाश चष्मा लावला. चार ओळी वाचल्या. कागदाची नीट घडी केली आणि तिला परत दिली.

"वकील कशाला केलास? ठेव ना, तुझ्याच हातात तर आहे," तो म्हणाला. "मला हे चालेल."

आणि डबडं काखेत मारून तो चहा प्यायला निघून गेला.

ती मामांचं व्हायोलिन धरून विंगेत उभीच राहिली. तो नाही म्हणाला तर त्याला काय काय सुनावायचं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं.