बंदी उठलेलं आडनाव

"राजाने बंदी उठवली आहे," पाद्री म्हणाले. "आजपासून ज्याला मॅकग्रेगर म्हणवून घ्यायचं असेल, त्याने खुशाल घ्यावं. कायदा आड येणार नाही."

चर्चमध्ये कुणी हललं नाही. ज्या नावापायी माणसं फासावर गेली, ते एका वाक्यासरशी तोंडात कसं यावं? डुगल ड्रमंडने शेजारी बसलेल्या बायकोकडे चोरून पाहिलं. मार्सली समोरच्या भिंतीकडे बघत होती.

डुगल मुळात ड्रमंड नव्हताच. लहानपणी आईने एकदाच कानात सांगितलं होतं, "आपण मॅकग्रेगर. ग्रेगरची लेकरं. ग्रेगर म्हणजे जागा राहणारा. तूही जागा राहा. झोपेतसुद्धा हे नाव ओठांवर येऊ देऊ नकोस." त्याने येऊ दिलं नाही. उलट, संशय नको म्हणून तो चारचौघांत मॅकग्रेगरांना शिव्या घालायचा. गाय हरवली, मॅकग्रेगरांनी नेली. दूध नासलं, मॅकग्रेगरांची नजर लागली. पण या कामात मार्सलीची बरोबरी त्याला कधी साधली नाही. ती मॅकग्रेगरांचा उद्धार करायला लागली की दरीतली माणसं हातातलं काम टाकून ऐकत बसायची. बिचारा डुगल ताटावरून उठून गोठ्यात जायचा. बायकोवर त्याचा फार जीव होता. खरं कळलं तर ती एका छपराखाली राहणार नाही, हे तो धरूनच चालला होता.

पण पुढच्या रविवारी नातवाचा बाप्तिस्मा होता. त्या पोरालाही उसनं नाव लावायचं डुगलच्या जिवावर आलं.

घरी आल्यावर मार्सली चुलीशी बसून कालची ओटची भाकरी गरम करू लागली. डुगल दारातच उभा राहिला.

"मार्सली, मी ड्रमंड नाही गं. मी मॅकग्रेगर आहे."

तिचा हात थांबला. भाकरीचा करपट वास सुटला.

"अगं, काहीतरी बोल. हवं तर शिवी घाल."

"कुणाला घालू?" मार्सली डोळे पुसत म्हणाली. "माझ्या बापाला? जन्मभर स्वतःला स्ट्युअर्ट म्हणवलं त्याने, आणि मरताना माझा हात धरून म्हणाला, पोरी, आपण मॅकग्रेगर."

डुगल दारातून आत येऊन तिच्याजवळ बसला.

"मग एवढ्या शिव्या?"

"तुमची एक ऐकली की माझा जीव घाबरायचा," ती म्हणाली, "म्हणून मी दोन घालायचे."