एकशे ऐंशी कार्डं

"सुट्टीचा दिवस आणि त्या यंत्राची उष्टी काढत बसलीस," तोकुजिरो टोचणीवरची नजर न हलवता म्हणाले.

"यंत्र चुकत नाही, बाबा. माझंच एखादं कार्ड चुकलंय."

मित्सुएने चित्र पुन्हा पसरलं. तोक्योतल्या गणकयंत्राने काढलेल्या एकशे ऐंशी लाटा, एका लाटेला आकड्यांच्या भोकांचं एक कार्ड. मधलीच एक लाट उसळून शेजारणींना अशी कापत गेली होती की ती कितवी, ते मोजता येईना. रात्रीच्या गाडीने परतली की उद्या सकाळी यंत्र तिला तासभर मिळणार होतं, शेवटचं. परवा चित्राचं प्रदर्शन. आकड्यांची यादी तिने डोळ्यांत तेल घालून तीनदा तपासली, तरी चूक सापडेना.

तोकुजिरोंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. किमोनोच्या कापडावरच्या नक्षीचे कागदी साचे कोरण्यात त्यांच्या पाच पिढ्या गेल्या होत्या. बोटभर जागेत शंभर भोकं, एकही इकडचं तिकडे नाही. एकुलत्या एक लेकीने टोचणी सोडून तोक्यो गाठलं, तेव्हापासून ते शिरोको गावभर सांगत, "आमचं घराणं माझ्यापाशी संपलं." तिच्यासमोरही सांगत. ते तिला फार लागायचं.

चहा घ्यायला उठताना त्यांनी गठ्ठ्यातलं एक कार्ड उचललं. हाताच्या सवयीने सरकत्या दाराच्या कागदासमोर, उजेडात धरलं.

"भोकं? ही तू पाडलीस?"

"एकूण एक."

चहा राहिला. मांडी घालून ते एकामागून एक कार्ड उजेडात धरू लागले. भोकं कार्डागणिक एकेक पायरी खाली उतरत होती. आकड्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण नक्षी कळत होती. त्र्याण्णवाव्या कार्डावर हात थांबला.

"याची पायरी चुकलीय."

मित्सुएने पडताळलं. पाचाच्या जागी चार. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

"बुजवू बिजवू नकोस हं," ते गुरगुरले. "चुकलेला साचा अख्खा नवा कोरायचा असतो."

"आमच्याकडेही तसंच करतात, बाबा."

तेवढ्यात कुवामुरा रंगारी आपला साचा न्यायला आला. कार्डं बघून त्याने हात पुढे केला. "तोकुजिरोसान, हे काय नवीन?"

"लांबून बघा," तोकुजिरो ताठ बसत म्हणाले. "आमच्या सहाव्या पिढीचं काम आहे."