पाणी पाजायची शीळ

नारीन गावच्या म्हाताऱ्या सुयुंदुकला फुप्फुसांचा जुनाट आजार होता, आणि फोनमधले श्वासाचे धडे पूर्ण केल्याशिवाय उन्हाळी कुरणावर जायला सुनेची मनाई होती. “सत्तर वर्षं श्वास घेतोय, आता फोनमधली ही पोरगी शिकवणार?” “म्हणूनच धाप लागते, बाबा. फुंका!” सून म्हणाली. फोनमधल्या पोरीनं सांगितलं तसा ओठांचा चंबू करून त्यानं हळूहळू श्वास सोडला, तर बारीक शीळ निघाली. घोड्यांना पाणी पाजताना वडील अशीच संथ शीळ घालायचे. डोळे मिटताच कुरणावरचा झरा, ओली आयाळ, वडिलांचा खांद्यावरचा हात, सगळं परतलं. छातीतली घरघरही शमली. “बाबा, थांबा! शेजाऱ्यांचा घोडा अंगणातली बादली रिकामी करतोय!” त्यानं नुसता हात वर केला. घोडा पीत असताना शीळ तोडायची नसते. सुनेनं कपाळावर हात मारला. “कुरणावरच जा, बाबा. इथे राहिलात तर चहालाही पाणी उरायचं नाही.”