किटली नाहीतर रेडिओ

“अहो, किटली बंद करा, जहाज हाक मारतंय!” रेडिओशी बसलेली म्हातारी ओरडली.

म्हाताऱ्याने कुरकुरत किटली बंद केली आणि कोमट पाण्यातच कॉफी ढवळली. आर्क्टिकच्या त्या किनाऱ्यावर घरामागच्या ओढ्यावर फिरणारं जनित्र, एवढीच काय ती वीज. तिच्यावर एका वेळी किटली तरी चाले, नाहीतर रेडिओ. तीस वर्षं त्याची ही कुरकुर जहाजाजहाजाला पाठ होती.

धुक्यात अडकलेल्या जहाजाला म्हातारीने हिमनगांमधून अलगद बाहेर काढलं.

“सुटलो, आजी!” कप्तान म्हणाला. “आता दहा मिनिटं रेडिओ बंद ठेवा. आजोबांना आज कढत कॉफी द्या.”

तिने हसून बटणाकडे हात नेला. म्हाताऱ्याने तो मधेच धरला.

“राहू दे. धुक्यात आणखी कुणीतरी असेल,” म्हणत त्याने गारढोण कॉफी तोंडाला लावली.