अर्नोची बायको
अर्नोला मूठमाती देऊन महिना झाला, तरी त्याच्या दुसऱ्या बायकोच्या, इर्माच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दफनाच्या वेळीच त्याची पहिली बायको सगळ्यांदेखत म्हणाली होती, “आमचा घटस्फोट झालाच नाही. बायको मीच!” शेवटी इर्माने नेब्रास्कातल्या त्या आडगावचं कोर्ट गाठलं, जिथे अर्नोचा पहिला संसार होता. तिथल्या कारकूनबाईला अर्नोच्या नावावर काहीच सापडेना. “अर्ज कुणी केला होता, आजी?” “ठाऊक नाही. घटस्फोट झालाय, एवढंच म्हणायचा तो.” “मग पहिल्या बायकोचं माहेरचं नाव सांगा. घटस्फोट घेताना चिडलेली बाई आधी तेच परत घेते. त्या नावाखाली शोधते.” थोड्या वेळाने ती तळघरातून हसतच वर आली. “हा घ्या निकाल, तुमच्या लग्नाआधीचा. अर्ज तिनेच केलाय!” शिक्क्यावर बोट फिरवत इर्मा खुर्चीत बसली. “खोटं नव्हता बोलला माझा नवरा.” “पाणी देऊ?” “नको गं. आता मला रडू दे.”