गाडी पुढे सरकत होती

"हे बघा मॅडम, नऊ वीसला गाडी पुढे सरकली," ज्ञानेश सर पडद्यावर पेन टेकवत म्हणाले. "दहा पन्नासला परत सरकली. बारा पाचला, एक वाजता. आणि ही दोन दहाला माल उतरवायच्या डॉकला लागली. किती सरळ लागलीय बघा. आजारी माणूस अशी गाडी लावेल का?"

प्रतिभा पडद्याकडे बघत राहिली. आडगावच्या पुढचं हे सुपरमार्केटचं गोदाम. भिंतीवरच्या कॅमेऱ्यात गाड्यांची फक्त डावी बाजू दिसत होती. अकरा गाड्यांची रांग. सातवी तिच्या वडिलांची, आइस्क्रीम आणि पनीरची. मागचं थंडीचं मशीन चालू आणि पुढचं इंजिन बंद, कारण आवारात धूर चालत नाही. इंजिन बंद म्हणजे केबिनमधला पंखाही बंद. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर पांढरं पडलं होतं. माणूस एकही दिसत नव्हता. रांगेत उतरायला मनाई होती.

वडिलांना, गोटीरामला, जाऊन आज तेरा दिवस झाले होते.

"माल उणे अठरा डिग्रीला होता, शेवटपर्यंत," ज्ञानेश सर म्हणाले. गोदाम ते सांभाळायचे. "म्हणजे तुमच्या वडिलांनी काम चोख केलं. गाडी लावली, सीटमागच्या फळीवर आडवे झाले आणि गेले. दहा मिनिटांचा खेळ. त्रास नाही, काही नाही. असं मरण नशिबाने मिळतं, मॅडम."

त्यांनी चहा मागवला. चहा दोन कप आला. कोपऱ्यातल्या खुर्चीच्या कडेवर रंगनाथ बसला होता. तो गोटीरामच्या मागच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याला चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या. प्रतिभाला कुणी काही म्हटलं नव्हतं. उलट आल्या आल्या सरांनी तिला आतला संडास दाखवला होता, "फ्रेश व्हायचं असेल तर." पाच दारं, पांढऱ्या फरश्या, मोगऱ्याचा वास. बाहेर पाटी होती: ड्रायव्हरांना प्रवेश नाही. कंपाउंडच्या भिंतीलगत पिवळ्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग तिने येतानाच पाहिला होता. तो कशाचा हे तिला त्या फरशीवर उभं राहिल्यावर कळलं. वडील कामाच्या दिवशी सकाळपासून पाणी का पीत नव्हते, तेही कळलं. तोंड धुऊन ती बाहेर आली, तेव्हा तोंडाला मोगऱ्याचा वास येत होता.

"वाचून घ्या," म्हणत सरांनी कागद पुढे केला. सदर चालक दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत वाहन चालवण्याच्या सुस्थितीत होता, त्यानंतर त्याचा आकस्मिक मृत्यू झाला. खाली दोन सह्या. एक वारसाची, एक साक्षीदाराची.

देवळ्याला घरी आई रोज एकच विचारत होती. "लय तडफडले का गं?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उष्माघात म्हणून सांगितलं होतं, आणि जाता जाता म्हणाले होते, दोन तास आधी आणलं असतं तर. त्या दोन तासांनी घरात ठाण मांडलं होतं. ते ताटावर बसत, अंथरुणात शिरत. आणि हा पडदा सांगत होता की ते दोन तास नव्हतेच. दोन दहापर्यंत वडिलांचे हात स्टिअरिंगवर होते.

या माणसाच्या कागदाने आपल्याला बरं वाटतंय, याची तिला किळस आली. तरी बरं वाटलं. तिने सही केली.

"आता तुम्ही," सरांनी पेन रंगनाथपुढे धरलं.

रंगनाथने पेन घेतलं नाही.

"काय काका, अंगठा देता का? सातवी पास सांगत होता ना?"

"ती गाडी गोटीरामनं नाय लावली," रंगनाथ म्हणाला.

सरांचं हसू तसंच राहिलं. "काका, विचार करून बोला. उद्या परत याच गेटवर यायचंय तुम्हाला."

रंगनाथने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो प्रतिभाशी बोलत होता, पण नजर फरशीला होती.

"नऊ वीसला त्यानं घेतली, ताई. मग म्हणला, रंगा, डोकं गरगरतंय, पडतो जरा. सलग दुसरी खेप होती त्याची, दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. नंबर पुकारल्यावर गाडी नाय हलली तर रांगेच्या शेपटाला जावं लागतं. मग आख्खा दिवस गेला. म्हणून आमच्यात झोपलेल्याला कुणी उठवत नाय. मागचा ड्रायव्हर कॅमेऱ्याच्या पल्याडनं उतरतो, त्याची गाडी पुढं घेतो, मग पळत येऊन आपली घेतो. त्यानंबी माझी किती वेळा घेतली असंल."

"दहा पन्नासला कोणी घेतली?" प्रतिभाने विचारलं.

"मी."

"बारा पाचला?"

"मीच. एक वाजताबी मीच. फळीवर पाठ करून पडला होता, तोंडावर टॉवेल. मी हाक नाय मारली."

पडद्यावर गाडी डॉकला लागून उभी होती, सरळ.

"ही पण?"

रंगनाथने मान हलवली.

"हीबी मीच. लय हळू लावली ताई, त्याची झोप मोडू नये म्हणून."