निळ्या मनगटाचा माणूस

"हे बघा, इथे उठतो. आणि हे बघा, बसला." औषधवाल्याने फोन काउंटरवरून पुढे सरकवला. "चार हातांवर पोरीचा जीव जातोय आणि हा गडी पुन्हा बूड टेकतो. बांगड्या भरा म्हणावं."

सुनेने मलम पिशवीत टाकले. सासूबाईंचे बोट दारात चेमटून सुजले होते, त्यासाठी ती आली होती. फोनकडे तिने पाहिले नाही. ते चित्रण तिला तोंडपाठ होते. धावती बस, कामावरून घरी निघालेली तरुण परिचारिका, कुठल्याशा माथेफिरूच्या हातातली सुरी. आणि मागच्या बाकावरून अर्धवट उठलेला, दांडीला उजवा हात घातलेला एक धिप्पाड पुरुष. त्याची दुसरी बाजू पुढच्या बाकाच्या उंच पाठीआड गेलेली. राखाडी स्वेटर, मनगटांना निळी लोकर. मग तो हात दांडीवरून सुटतो आणि माणूस खाली बसतो.

स्वेटर तिनेच विणला होता. राखाडी लोकर संपली म्हणून मनगटे निळी केली. त्याच दिवशी नवऱ्याने तो पहिल्यांदा अंगात घातला होता.

परिचारिका गेली. मारेकरी पकडला गेला, पण त्याचे नाव चार दिवसांत लोक विसरले. लक्षात राहिला तो निळ्या मनगटाचा माणूस. तो शाळेत खेळ शिकवतो हे कळल्यावर तर गावातल्या चर्चेला ऊतच आला. न्हाव्याच्या खुर्चीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत जो तो छाती ठोकून सांगू लागला, आपण असतो तर त्या नराधमाचा हात मुळापासून उपटला असता. बस भरलेली होती, पण तिच्यातल्या न उठलेल्या बाकीच्यांविषयी मात्र कुणी चकार शब्द काढीना. कुणीतरी घराच्या भिंतीवर खडूने लिहून गेले, 'उठाबशांचे मास्तर: उठा अर्धे, बसा पूर्ण.' मास्तरने ओल्या फडक्याने ते मुकाट पुसले. पालकांनी शाळेच्या समितीपुढे मागणी ठेवली होती की असा शिक्षक नको. समितीने त्याला दुसऱ्या दिवशी कारण सांगायला बोलावले होते.

घरी सासूबाई खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. दीर, नणंदा, पाहुणेरावळे, सगळे त्यांच्या भुवईकडे पाहून बोलत. बसमधल्या त्या दिवशीच त्या बहिणीकडे आठवडाभर राहून परतल्या होत्या. बहिणीच्या जावयाने गाडीतून कोपऱ्यावर सोडले, म्हणाल्या. गुडघे भरून आले म्हणून चहाही न घेता भिंतीकडे तोंड करून निजल्या. मास्तर पोलिसांना जबाब देऊन तिन्हीसांजेला आला. तेव्हापासून त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नव्हते. इतकी मानी बाई, तिला ही नाचक्की कशी सोसावी, असे शेजारणी म्हणत.

सुनेने मलम लावले. बोट वांग्यासारखे झाले होते आणि सासऱ्यांची अंगठी मांसात रुतली होती. उंच खड्याची ती अंगठी, तिचा खडा धरणारा एक आकडा कधीचा वाकलेला. घरातली एकही शाल तिने धड ठेवली नव्हती; रफू करून करून सुनेचे डोळे गेले. सोनाराला दाखवा म्हटले की सासूबाई म्हणत, "मीही वाकडीच आहे. मला आधी दाखव."

"समितीला गुडघ्याचं सांगा," सून नवऱ्याला म्हणाली. "तिडीक आली म्हणावं."

"गुडघा ठीक आहे माझा."

"मग का बसलात?"

त्याने आईकडे पाहिले. आई खिडकीबाहेर पाहत होती.

"त्याला विचारू नकोस, सूनबाई," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं. कारणं सांगत फिरणारा पुरुष या घरात जन्मला नाही."

"आई म्हणते तेच," मास्तर म्हणाला.

सून आत गेली आणि तिने बॅग काढली. भाऊ सकाळी न्यायला येणार होता. नोकरी जाईल म्हणून ती निघाली नव्हती; मीठभाकरीवर तिने संसार केला असता. पण रात्री शेजारी निजणाऱ्या माणसाला मनातून भेकड म्हणावे आणि सकाळी त्याला चहा द्यावा, हे तिला जमेना.

कपाटात तळाशी स्वेटर सापडला. त्या संध्याकाळी तिनेच तो घडी करून ठेवला होता. डाव्या मनगटाची वीण ओढली जाऊन उसवली होती, मधली थोडी लोकरच नाहीशी. बसच्या पत्र्यात अडकली असेल. जाता जाता एवढे तरी नीट करून ठेवावे, म्हणून ती सुई घेऊन बाहेर आली.

"ते माझ्या नजरेसमोर आणू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी शालीखाली हात घेतला, पण कळ आली आणि त्या कण्हल्या. बोटाचे टोक काळेनिळे पडू लागले होते.

"अंगठी काढायलाच हवी, आई. साबण लावते."

"राहू दे. सकाळी डॉक्टर बघतील."

"तोवर बोट जाईल."

"गेलं तर गेलं. माझं आहे."

मास्तर घाईने खुर्चीतून अर्धवट उठला. "अगं, तू थांब. मी काढतो."

"तुम्ही बसा," सून म्हणाली. "तेवढं येतं तुम्हाला."

तो बसला.

तिने वाटीत साबण कालवला, सासूबाईंची मूठ आपल्या मांडीवर घेतली आणि एकेक बोट उलगडले. अंगठी फिरली, पेरावर अडली, मग एकदम सुटून तिच्या तळव्यात पडली.

साबणाचा फेस तिने पदराने टिपला. वाकड्या आकड्यात निळ्या लोकरीचा धागा गुंतून बसला होता.